उमऱ्याला जाताना खोली कशी ठरवावी

मी कोलशेतचा. खाडीकाठचे आमचे गाव. पूर्वी इथल्या बंदरावर रेतीच्या होड्या लागत. त्या वेळी ठाण्याच्या राबोडीतले एक गृहस्थ रेतीच्या गाड्यांवर मुकादम होते. सारे त्यांना चाचा म्हणत. मीही चाचाच म्हणे. त्यांची मुले माझ्या शाळेत शिकली. त्यामुळे आमचा घरोबा जडला तो कायमचा.

काही वर्षांपूर्वी चाचा माझ्याकडे एक कागद घेऊन आले. म्हणाले, “गुरुजी, मी आणि बायको उमऱ्याला जायचं म्हणतो. एजंटाने हा कागद दिलाय. जरा बघा बरं.”

मी चष्मा लावला. कागद इंग्रजी होता. किती दिवस, किती पैसे, विमान कुठले, हे मी वाचून दाखवले. मक्केच्या हॉटेलचे नाव वाचले. पुढे लिहिले होते, मशिदीपासून ४०० मीटर. चाचांचा चेहरा खुलला. चाचींचे गुडघे दुखत. ४०० मीटर म्हणजे काही फार नाही.

हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात आणखी दोन शब्द होते, ‘ऑर सिमिलर’. म्हणजे ‘किंवा तसलेच दुसरे’. ते शब्द मी वाचले, पण त्यांचे वजन मला कळले नाही. मी म्हणालो, “ठीक आहे चाचा, भरा पैसे.”

मक्केत त्यांना ते हॉटेल मिळालेच नाही. ‘तसलेच दुसरे’ मिळाले. ते दीड किलोमीटरवर होते, आणि वाटेत चढ होता. पहिले दोन दिवस चाचींनी रेटले. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. पुढे बहुतेक नमाज त्यांनी खोलीतच पढली. चाळीस वर्षे घरखर्चातून पैसा पैसा वाचवून जमवलेली ती यात्रा. परत आल्यावर त्या मला एवढेच म्हणाल्या, “भाईजान, काबा इतका जवळ होता, आणि मी खाटेवर होते.”

एजंटाशी भांडायला जागा नव्हती. कागदावर तसे लिहिलेलेच होते. चूक वाचणाऱ्याची, म्हणजे माझी. म्हणून हा धडा लिहीत आहे.

मक्केत मुसलमानांखेरीज कोणाला जाता येत नाही. मी तिथे गेलेलो नाही. जे सांगतो ते जाऊन आलेल्या माणसांना विचारून, पडताळून सांगतो.

हज आणि उमरा

हज वर्षातून एकदाच होतो. मुसलमानी वर्षाचा शेवटचा महिना जिल्हिज. त्याच्या ८ तारखेपासून हजचे दिवस सुरू होतात. उमरा मात्र वर्षात केव्हाही करता येतो. तो थोड्या वेळात पुरा होतो.

हजला हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांची राहण्याची सोय कमिटीच करते. तिथे आपल्याला निवड फारशी नसते. उमऱ्याला मात्र खोली आपण ठरवतो, किंवा आपल्या वतीने एजंट ठरवतो. म्हणून उमऱ्याला जाणाऱ्याने जास्त सावध राहावे.

जुन्या काळी गोष्ट वेगळी होती. १९९५ सालापर्यंत मुंबईहून जिद्दाला यात्रेकरूंचे जहाज जात असे. गावोगावचे लोक आधी मुंबईत येऊन मुसाफिरखान्यात उतरत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यासाठी प्रसिद्ध आहे. मक्केतही दानधर्मातून बांधलेल्या धर्मशाळा असत. त्यांना रुबात म्हणतात. हैदराबादच्या निजामाची रुबात त्यांतलीच. निजामाच्या राज्यात आपला मराठवाडाही होता. त्यामुळे हजच्या वेळी तिकडच्या काही यात्रेकरूंना त्या रुबातीत फुकट उतरता येते. जागा थोड्या आणि माणसे फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. आपण ठाणे-कल्याणकडचे लोक त्यात बसत नाही. आपल्याला हॉटेलच पाहावे लागते.

अंतराचा हिशेब

खोली स्वस्त आहे का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, खोली मशिदीपासून किती पायी आहे?

हिशेब करू. समजा, हॉटेल ८०० मीटरवर आहे. एका नमाजाला जाऊन येऊन १,६०० मीटर झाले. दिवसात नमाज पाच. मगरिब आणि इशा या दोन नमाजांमध्ये वेळ थोडा असतो. पुष्कळ लोक तेवढा वेळ मशिदीतच बसून राहतात. तरी चार खेपा होतात. चार खेपांचे ६,४०० मीटर. म्हणजे रोज साडेसहा किलोमीटरच्या आसपास चालणे आले. वर ऊन मक्केचे.

शिवाय उमऱ्याचे चालणे वेगळेच. काब्याभोवती सात फेरे घालायचे. त्याला तवाफ म्हणतात. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचे. त्याला सई म्हणतात. सफा ते मरवा हे अंतर सुमारे ४५० मीटर आहे. सात वेळा चालले की तीन किलोमीटरहून जास्त होते. एवढे चालून दमलेला माणूस मग खोलीवर परत निघतो. त्या वेळी ८०० मीटर फार लांब वाटतात.

घरी बसून याची परीक्षा करता येते. सकाळी घड्याळ पाहून घराबाहेर पडा. म्हातारी माणसे बरोबर घ्या. पंधरा मिनिटे त्यांच्या पावलाने चाला आणि परत या. असे दिवसातून चार वेळा करा. दोन दिवस केले तरी कोणाचे पाय किती चालतात ते कळेल.

सपाट की चढ?

मक्का डोंगरांच्या मध्ये वसली आहे. मोठी मशीद खोलगट भागात आहे. तिला मस्जिदुल हराम म्हणतात. लोक नुसते हरम म्हणतात. तिच्या भोवतीचे काही रस्ते चढाचे आहेत. जाताना उतार लागतो, तेव्हा काही वाटत नाही. येताना तोच चढ होतो.

आपल्याकडे हिंदू, मुसलमान दोघेही कल्याणजवळ हाजी मलंगला जातात. जो तो डोंगर पायऱ्यांनी चढला आहे, त्याला हे सांगायला नको. सपाट रस्त्याचा एक किलोमीटर आणि चढाचा एक किलोमीटर सारखे नसतात. म्हणून विचारताना ‘किती मीटर?’ एवढ्यावर थांबू नका. ‘चढ आहे का? पायऱ्या आहेत का?’ हेही विचारा.

मक्केतील काही वस्त्यांची नावे ध्यानात ठेवा.

मिस्फला मशिदीच्या दक्षिणेला आहे. इब्राहिम खलील नावाचा रस्ता तिकडे जातो. त्या बाजूला साधी हॉटेले आहेत. आपल्याकडच्या चवीचे जेवणही तिथे मिळते.

अजयाद मशिदीला लागून आहे, पण पुढे रस्ता चढत जातो. तळाशी असलेले हॉटेल आणि वर असलेले हॉटेल यांत पुष्कळ फरक पडतो.

अजीजिया काही किलोमीटर दूर, मिनाच्या बाजूला आहे. तिथून पायी ये-जा होत नाही. बस किंवा टॅक्सी लागते. हजच्या वेळी आपले पुष्कळ हाजी तिथे उतरतात.

मशिदीसमोर मोठ्या घड्याळाचा उंच मनोरा आहे. तिथली हॉटेले सर्वांत जवळ, पण महाग. आपल्यासारख्यांनी तो मनोरा लांबून पाहावा. वाट चुकली तर खूण म्हणून तो फार उपयोगी पडतो.

एक गोष्ट आणखी. मशीद वाढवण्यासाठी तिच्या भोवतीची पुष्कळ जुनी घरे आणि हॉटेले गेल्या काही वर्षांत पाडली गेली. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याने सांगितलेले हॉटेल आज असेलच असे नाही. जो अलीकडे जाऊन आला, त्याला विचारा.

शब्दांचे फसवे अर्थ

काही एजंट म्हणतात, “हॉटेल हरमच्या हद्दीत आहे.” हे ऐकून माणूस खूष होतो. पण हरमची हद्द म्हणजे मशिदीची भिंत नव्हे. मक्केभोवतीचा मोठा पवित्र परिसर म्हणजे हरमची हद्द. तिची सर्वांत जवळची सीमा तनईमला आहे, आणि तनईमही मशिदीपासून सुमारे सात-आठ किलोमीटरवर आहे. अजीजिया आणि मिनासुद्धा हद्दीतच येतात. मग ‘हद्दीत आहे’ या शब्दांना काय किंमत राहिली?

दुसरा शब्द ‘४०० मीटर’. ते कसे मोजले? नकाशावर सरळ रेघ ओढून, की रस्त्याने? कुठपासून कुठवर? हॉटेलच्या दारापासून मशिदीच्या दरवाज्यापर्यंतचे पायी अंतर विचारा. घरात मोबाइल वापरणारा मुलगा किंवा नात असेल, तर हॉटेलचे नाव घालून नकाशा काढायला सांगा. त्यात पायी जाण्याची वेगळी खूण असते. ती दाबली की किती मिनिटे लागतील ते दिसते. म्हाताऱ्या माणसासाठी त्यात आणखी निम्मा वेळ मिळवा.

तिसरा शब्द ‘बसची सोय आहे’. दूरच्या काही हॉटेलांची स्वतःची बस असते. ती दिवसभर जाते की ठराविक वेळीच? बस कुठे उतरवते? तिथून पुढे किती चालायचे? जुम्म्याला आणि रमजानमध्ये गर्दी फार असते, तेव्हा ती चालू असते का? हजला जाणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की ऐन हजच्या सुमारास गर्दीमुळे मशिदीकडे जाणाऱ्या बसगाड्या काही दिवस बंद ठेवतात.

मदिना

मक्केहून मदिना सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. तिथे मस्जिदे नबवी आहे. या मशिदीच्या भोवतालचा भाग बराचसा सपाट आहे. त्यामुळे थोडे लांबचे हॉटेलही चालते. मशिदीलगतच्या भागाला मरकजिया म्हणतात.

मशीद फार मोठी आहे. बायकांच्या नमाजाच्या जागा आणि त्यांचे दरवाजे वेगळे आहेत. हॉटेल एका बाजूला आणि बायकांचा दरवाजा दुसऱ्या बाजूला, असे झाले तर बायकांना मोठा वळसा पडतो. पुरुष मंडळी हे विचारायला विसरतात. घरच्या बायकांनी हा प्रश्न स्वतः विचारावा.

खोलीत काय पाहावे?

एका खोलीत माणसे किती? स्वस्त दरात चार किंवा पाच माणसे एका खोलीत असतात. ती ओळखीची की परकी? नवरा-बायकोला एकत्र जागा मिळेल, की बायकांची खोली वेगळी?

संडास-मोरी खोलीतच आहे का? किती माणसांत एक? कमोड आहे का? गुडघे धरलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही.

लिफ्ट किती? ही गोष्ट फारसे कोणी विचारत नाही. इमारत दहा-बारा मजल्यांची आणि लिफ्ट दोन. अजान झाली की सारी माणसे एकदम खाली निघतात. लिफ्टपुढे रांग लागते. मशीद पाच मिनिटांवर, आणि लिफ्टला पंधरा मिनिटे! म्हणून म्हातारी माणसे असतील तर खालचा मजला मागून घ्या.

जेवण दरात धरले आहे का? किती वेळचे? नसेल तर जवळ खानावळ आहे का? खोलीत चहा-पेज करू देतात का? गोळ्या, इन्सुलिन घेणाऱ्याने खोलीत थंड पेटी आहे का, तेही विचारावे.

स्वस्त केव्हा, महाग केव्हा?

रमजानमध्ये, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत, खोल्यांचे भाव सर्वांत चढतात. हज संपल्यावर गर्दी ओसरते आणि भाव उतरतात. ज्याला तारखेची अडचण नाही, त्याने गर्दीचे दिवस सोडून जावे. त्याच पैशात जवळची खोली मिळू शकते.

आता स्वस्त खोली खरोखर स्वस्त आहे का, ते पाहू. हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत. समजा, जवळची खोली रोज १२० रियाल. दूरची रोज ८० रियाल. दूरची घेतली तर रोज ४० रियाल वाचले. दहा दिवसांचे ४००. पण चाचींसारख्या बाईला रोज दोनदा टॅक्सी लागली. एका वेळचे २० रियाल धरले, तर रोजचे ४० गेले. वाचले काय? काहीच नाही. उलट दगदग पदरात पडली.

माणूस तरणा असेल, पाय धड असतील, तर त्याने खुशाल लांबची खोली घ्यावी. त्याचे पैसे खरोखर वाचतील. दोन भाव समोर ठेवून, आपल्या घरच्या माणसांचे पाय पाहून हिशेब करावा.

पैसे भरण्याआधी

तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. जे ठरले ते कागदावर पाहिजे. कागदावर एवढे असावे:

१. मक्केच्या आणि मदिनेच्या हॉटेलचे पूर्ण नाव आणि पत्ता. एकासारख्या नावाची अनेक हॉटेले असतात.

२. हॉटेल बदलले तर काय, ते. ‘किंवा तसलेच दुसरे’ असे लिहिले असेल, तर त्यापुढे लिहून घ्या, ‘अमुक मीटरपेक्षा लांब नाही.’ एजंट लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरा एजंट पाहा.

३. कोणत्या गावी किती रात्री. ‘१५ दिवस’ म्हटले, तरी त्यात जाण्या-येण्याचे दिवस धरलेले असतात. दिवस मोजू नका, रात्री मोजा.

४. खोलीत माणसे किती, जेवण किती वेळचे, बस आहे की नाही.

५. जाणे रद्द झाले तर किती पैसे परत मिळतील, आणि कधी.

पैसे भरले की पावती घ्या. पावतीवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात पाहा. शिक्का आणि सही पाहा. हजला नेणाऱ्या खाजगी कंपन्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाकडे होते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणावे. खरा माणूस रागावत नाही. मुंबईत सी.एस.एम.टी. स्टेशनाजवळ हज हाउस आहे. शंका असेल तर तिथे जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिथे पोचल्यावर

हॉटेलात शिरताच तिथले कार्ड मागून घ्या. त्यावर नाव आणि पत्ता अरबीत असतो. ते कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या खिशात किंवा बटव्यात असावे. वाट चुकलेल्या माणसाने ते कोणालाही दाखवावे.

तिथे पुष्कळ ठिकाणी आकडेही अरबी असतात. ते थोडे शिकून जा. त्यांचे शून्य म्हणजे नुसते टिंब. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो. एक म्हणजे उभी रेघ. सात वर उघडलेल्या चिमट्यासारखा, आणि आठ त्याच्या उलट. ५०५ नंबरची खोली असेल, तर दोन गोल आणि मध्ये टिंब दिसेल. ज्याला हे ठाऊक नाही, तो दारासमोर उभा राहूनही आपले दार शोधत बसेल.

शेवटची गोष्ट

मागच्या वर्षी आमच्या साक्षरता वर्गातल्या एक आपा असाच कागद घेऊन आल्या. सोबत त्यांचे म्हातारे वडील होते. मी चष्मा काढू लागलो. त्या म्हणाल्या, “गुरुजी, थांबा. आज मी वाचते. चुकलं तर सांगा.”

कागद मराठीत होता. तो त्यांनी एजंटाकडून मराठीत लिहून घेतला होता. एकेका शब्दावर बोट ठेवून त्या वाचत गेल्या. हॉटेलचे नाव आले. पुढे आले, ‘किंवा तत्सम’. त्या थांबल्या.

“गुरुजी, तत्सम म्हणजे काय?”

“तसलेच दुसरे.”

“म्हणजे कुठलंही?”

“हो. कुठलंही.”

आपांनी कागदाची घडी घातली आणि वडिलांना म्हणाल्या, “अब्बा, चला. आधी हे लिहून घेऊ, मग पैसे.”

एजंटाने लिहून दिले, ‘पायी ५०० मीटरपेक्षा लांब नाही, चढ नाही.’ त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले. ते त्यांनी परदेशातल्या खरेदीतून कमी केले. अब्बा रोज मशिदीत जाऊन नमाज पढून आले.

हे मी चाचींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुमच्या वर्गात माझं नाव घाला, भाईजान. मला पुन्हा जायचंय.”

त्या आता वर्गाला येतात. परवा त्यांनी पाटीवर पहिल्यांदा आपले नाव लिहिले.